लिहिणारा थांबतो तेव्हा

२५०० शब्दांचा लेख संगणकावर लिहायला किती वेळ लागतो? मिनिटाला ४० शब्द या वेगाने टंकन करणाऱ्या माणसाची बोटे सारी मिळून तासाभराहून थोडीच अधिक चालतील. पण तासाभरात असा लेख हातावेगळा करणारा लेखक विरळाच. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला आठवडा. मधल्या काळात तो वाक्य मनात फिरवतो, आधीचा परिच्छेद पुन्हा वाचतो, खिडकीबाहेर बघतो, हवा तो शब्द सापडत नाही म्हणून चिडतो. लेखनाचा मोठा भाग या न लिहिण्याच्या वेळातच घडतो. आणि त्या साऱ्या वेळात त्याच्यासमोर एक प्रोग्रॅम उघडा असतो. पुढची कळ दाबली जाण्याची तो वाट पाहत असतो.

या प्रोग्रॅमला टेक्स्ट एडिटर म्हणतात. (दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांना ‘एडिटर’ म्हटले की मजकुरासाठी येणारे तगाद्याचे फोन आठवतील, तो एडिटर वेगळा.) एडिटरविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा त्याच्या कर्तबगारीविषयी असते: आज्ञा किती, शोध किती झटपट, रंग किती, जोडण्या किती. या लेखात उलट बाजूने पाहायचे आहे. त्याला काहीच सांगितलेले नसते तेव्हा एडिटर काय करतो? माझे म्हणणे असे, की लिहिणाऱ्या माणसाविषयी एडिटरची समजूत काय आहे हे सर्वांत स्पष्ट याच वेळी दिसते. माणूस थांबला, याचा अर्थ काम संपले, माणूस अडला, की माणूस विचार करतो आहे? प्रत्येक एडिटर या प्रश्नाचे काही ना काही उत्तर गृहीत धरून बनवलेला असतो, आणि ते उत्तर तपासता येते.

वाट पाहण्याच्या दोन तऱ्हा

आधी वाट पाहणे म्हणजे यंत्राच्या दृष्टीने काय ते पाहू. पाहुणा यायचा असेल तर घरचा माणूस दोन प्रकारे वाट पाहू शकतो. दर मिनिटाला उठून दार उघडून बघायचे, किंवा कडी वाजली की उठायचे असे ठरवून आडवे व्हायचे. १९८०च्या दशकात डॉसवर चालणारे पुष्कळ प्रोग्रॅम पहिल्या प्रकारचे होते. ‘कळ आली का? नाही. आता आली का? नाही.’ अशी त्यांची अखंड विचारणा चालू असे. टेबलावर एक यंत्र, त्यावर एका वेळी एकच प्रोग्रॅम आणि वीज भिंतीतून येणारी; त्यामुळे या येरझारांचे कुणाला काही वाटत नसे. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू लागले आणि बॅटरीवरची यंत्रे आली तेव्हा या उधळपट्टीचा हिशेब समोर आला.

युनिक्सची परंपरा दुसऱ्या प्रकारची. तिथे प्रोग्रॅम कार्यप्रणालीला सांगतो, ‘कळ आली की मला उठव,’ आणि झोपी जातो. तो झोपलेला असताना प्रोसेसर इतरांची कामे करतो; कुणाचेच काम नसेल तर स्वतःही थांबतो. ही दृष्टी घडली त्या काळी संगणक अतिशय महाग होते आणि एका यंत्रावर अनेकांनी मिळून काम करायचे होते. एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांनी सीटीएसएस ही वेळ वाटून देणारी प्रणाली चालवून दाखवली. तिच्यामागचा हिशेब असा, की माणूस यंत्रापेक्षा फार सावकाश चालतो. एकजण पुढची आज्ञा काय द्यावी याचा विचार करतो आहे तोवर यंत्र दुसऱ्याची आणि तिसऱ्याची आज्ञा पुरी करू शकते. अशा प्रणालींच्या गणितात माणसाच्या थांबण्याला ‘थिंक टाइम’, म्हणजे विचाराचा वेळ, असेच नाव पडले. एकाचा विचार चालू असताना तेवढा वेळ बाकीच्यांना मिळे. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

त्या काळात वाट पाहण्याचे काम माणसाच्याही वाट्याला भरपूर येई. बर्कली येथे १९७६ साली बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहायला घेतला तेव्हा ते घरून ३०० बॉड वेगाच्या मोडेमवर काम करीत. हा वेग म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. २४ ओळी आणि ओळीला ८० अक्षरे असा पडदा धरला तर तो १९२० अक्षरांचा होतो; तो एकदा पूर्ण रंगवायला ६४ सेकंद लागणार. माणसाचा विचार पडद्याच्या पुढे धावत असे. व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या का आहेत आणि पडदा गरजेपुरताच का बदलायचा, याचे उत्तर या ६४ सेकंदांत आहे. संथ तारेमुळे एडिटरला मितभाषी व्हावे लागले, आणि तारा वेगवान झाल्यावरही त्या घराण्याचा स्वभाव बराचसा तसाच राहिला.

दोन पंगतींच्या मधली आवराआवर

वाट पाहण्याचा सर्वांत बारकाईने विचार केलेला एडिटर म्हणून एमॅक्सचे नाव घ्यावे लागेल. १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको या जुन्या एडिटरवर रचलेल्या आज्ञासंचातून तो जन्मला. आज वापरला जाणारा ग्नू एमॅक्स १९८५पासून लोकांच्या हाती आला. त्याच्या गाभ्यात एक साधे चक्र आहे: कळ वाच, आज्ञा पार पाड, पडदा अद्ययावत कर, पुन्हा कळीची वाट पाहा.

या चक्रात पडद्याचे काम कधी होते ते पाहण्यासारखे आहे. पुढची कळ आधीच येऊन थांबली असेल तर एमॅक्स पडदा रंगवण्यापूर्वी ती हाती घेतो. झालेले दाखवण्यापेक्षा माणसाचे म्हणणे ऐकून घेणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. कळी येणे थांबले की मग तो सारे नीट मांडून दाखवतो.

माणूस थांबलेलाच राहिला तर एमॅक्स एकेक घरकाम काढतो, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. एखादी दोन कळींची आज्ञा अर्धीच देऊन माणूस १ सेकंद थांबला तर खालच्या ओळीत तो अर्धी आज्ञा लिहून दाखवतो, जणू ‘एवढे ऐकले, पुढे?’ साधारण ३० सेकंद शांततेत गेले तर लिहिलेला मजकूर तो बाजूला जपून ठेवतो. फाइल मोठी असेल तर ही मुदत आणखी लांबते, कारण मोठी फाइल लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस परतला तर त्याला ताटकळावे लागेल. हे जपणे झाल्यावरही कळ आलेली नसेल, तर स्मृतीत साठलेला केर काढायची वेळ झाली आहे का ते तो पाहतो. दोन पंगतींच्या मधल्या वेळात वाढपी मंडळी करतात तशी ही आवराआवर आहे. पाने उचलायची, जमीन पुसायची, पाण्याची भांडी भरायची. पण पाहुणे दारात दिसले की हातातला झाडू कोपऱ्यात ठेवून पुढे व्हायचे.

यातला मजकूर जपण्याचा प्रकार विशेष आहे. एमॅक्स माणसाची मूळ फाइल बदलत नाही. नावाच्या दोन्ही बाजूंना # चिन्ह लावलेल्या वेगळ्या फाइलीत तो मजकूर ठेवतो. वीज गेली, यंत्र बंद पडले, तर तिथून तो परत मिळतो. पण ‘हेच माझे म्हणणे’ असे माणसाने ठरवलेले नाही, म्हणून मूळ प्रतीला हात नाही. जपणे आणि ठरवणे यांतला हा भेद आज अनेक एडिटर विसरले आहेत. विराम दिसताच मूळ प्रतीवर नवा मजकूर चढवण्याची सोय आता सर्रास दिसते. मागच्या आवृत्त्या शोधून काढता येतात हे खरे. पण खोडून पाहायला आणि मग आपले मन बदलायला जी मोकळीक लागते, तिच्यावर परक्याची सही होते.

एमॅक्सच्या लिस्प-मार्गदर्शिकेत ‘निवांतपणा’ची व्याख्याही दिलेली आहे. माणसाच्या कळीची वाट पाहायला सुरुवात झाली की एमॅक्स निवांत झाला, आणि माणसाने काही केले की तो निवांतपणा संपला. मधल्या काळात मजकूर जपणे, केर काढणे, दुसऱ्या प्रोग्रॅमकडून आलेले उत्तर वाचणे असे काहीही घडले तरी निवांतपणा मोडत नाही. म्हणजे मोजमापाचा खुंटा यंत्राचा नसून माणसाचा आहे. यंत्र कितीही गडबडीत असले तरी माणूस गप्प असेल तर ती शांतताच.

याच मार्गदर्शिकेत शिष्टाचाराचा म्हणावा असा एक इशारा आहे. विरामात चालणारे एखादे मोठे काम लिहिणाऱ्याला वाटते, की कळ येईपर्यंत काम करत राहावे, आली की सोडावे. मग काय बिघडले? मार्गदर्शिका सांगते की असे करू नका. तसे केल्यास इतर प्रोग्रॅमांची उत्तरे अडून राहतात आणि त्याच विरामाची वाट पाहणारी दुसरी कामे उपाशी राहतात. थोडे काम करा, बाजूला व्हा, जरा वेळाने पुन्हा या. माणसाचा रिकामा वेळ आपल्या एकट्याच्या मालकीचा आहे असे कोणत्याही कामाने समजू नये, हा त्याचा मथितार्थ.

पण इशारा हा इशाराच, त्याला दांडका नाही, आणि एमॅक्सचा दोष इथेच आहे. त्याचे मुख्य काम एकाच धाग्यावर चालते. विरामात सुरू झालेले एखादे उद्धट काम लांबले तर ते संपेपर्यंत माणसाच्या कळी दाराबाहेर उभ्या राहतात. त्यात अशा कामांच्या वेळी एमॅक्स ‘पुरे, थांब’ ही आज्ञाही मुद्दाम अडवून ठेवतो, कारण अर्ध्यावर तोडलेले काम मागे पसारा ठेवील अशी भीती. म्हणजे पाहुणचाराचे नियम उत्तम लिहिलेले आहेत, पण ते न पाळणाऱ्याला घराबाहेर काढायची सोय कमी आहे. भारंभार जोडण्या भरलेला एमॅक्स अधूनमधून अडखळतो त्याचे एक कारण हे आहे.

चार सेकंदांची गोष्ट

व्हीआयच्या घराण्यातला आजचा कर्ता एडिटर म्हणजे विम. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २०२३ साली निधन होईपर्यंत सांभाळला. विमचा नियम असा: ४ सेकंद काही लिहिले गेले नाही, किंवा २०० अक्षरे लिहून झाली, की मजकूर एका बाजूच्या फाइलीत जपायचा. हाही सभ्य नियम आहे. पण त्याच ४ सेकंदांना विमने आणखी एक घटना बांधून ठेवली आहे: कर्सर एका जागी थांबला, ही घटना. जोडण्या लिहिणाऱ्यांना तिच्यावर आपली कामे टांगता येतात.

विममध्ये स्वतंत्र टायमर २०१६च्या आठव्या आवृत्तीबरोबर आले. त्याआधी जोडण्या लिहिणाऱ्यांना ही घटनाच सोयीची खुंटी होती, म्हणून चिन्हे दाखवणे, माहिती खिडकीत आणणे अशी कितीतरी कामे तिच्यावर लटकली. ४ सेकंद म्हणजे फार उशीर असे वाटून लोक तो आकडा कमी करू लागले, आणि त्याबरोबर मजकूर डिस्कवर लिहिण्याची कामेही वारंवार होऊ लागली. एका आकड्यावर दोन निराळी कामे बांधली की असे होते. मजकूर जपण्यासाठी हवा असलेला विराम लांब असतो. माहिती दाखवण्यासाठी हवा असलेला विराम आखूड असतो. विमने दोहोंना एकच विराम मानले. आकडा चुकीचा नव्हता, विराम एकाच जातीचा असतो ही समजूत चुकीची होती.

विराम किती जातींचे?

विरामाच्या जाती असतात हे संशोधकांना फार पूर्वी दिसले होते. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० साली कळींच्या पातळीवर कामाचा वेळ मोजण्याची एक पद्धत मांडली, आणि ती बसवताना त्यांनी पाहिलेल्या कामांत एडिटरवरचे काम प्रमुख होते. सरावलेल्या माणसाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतो. पुढच्या कृतीची मनात जुळणी करायला साधारण १.३५ सेकंद. हा दुसरा वेळ अडलेल्या माणसाचा नव्हे. रोजच्या कामात, काय करायचे ते ठाऊक असलेल्या माणसाला लागणारा हा श्वास आहे.

आता एडिटरांचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहा. एमॅक्समध्ये प्रोग्रॅम लिहिताना कर्सरखालच्या नावाची माहिती अर्ध्या सेकंदात खालच्या ओळीत येते. व्हीएस कोड या आज लोकप्रिय असलेल्या एडिटरमध्ये सुचवण्यांची यादी काढण्याआधीचा विराम मुळात १० मिलिसेकंदांचा ठेवलेला आहे, म्हणजे दोन कळींमधल्या अंतराच्याही एक विसांश. मन जुळणी करत असते त्या १.३५ सेकंदांच्या आतच ही सारी मंडळी बोलून मोकळी होतात. ज्याला काय लिहायचे ते माहीत आहे, त्यालाही ती सांगत असतात.

मग योग्य आकडा कोणता? मला वाटते असा आकडाच नाही. ३ सेकंद थांबलेला माणूस शब्द शोधत असेल, डोळे चोळत असेल, किंवा दार वाजले म्हणून उठून गेला असेल. बाहेरून तिन्ही शांतता एकसारख्या. घड्याळ कितीही बारीक केले तरी थांबण्याचे कारण त्यात दिसत नाही. म्हणून नियम आकड्याचा नसून कृतीचा हवा. थांबण्याचे कारण कळत नसेल तर कोणत्याही कारणाला चालेल एवढेच करावे. मजकूर जपणे सर्व कारणांना चालते. केर काढणे चालते. अर्धी आज्ञा खालच्या ओळीत दाखवणे चालते, कारण तो प्रश्न माणसानेच अर्धा विचारलेला असतो.

ही शेवटची गोष्ट १९७८च्या वर्डस्टारलाही समजली होती. रॉब बार्नबी यांनी लिहिलेल्या या एडिटरमध्ये आज्ञेची पहिली कळ दाबून माणूस थोडा थांबला तरच पुढच्या कळींची यादी पडद्यावर येई. सरावलेला माणूस झटकन दुसरी कळ दाबी आणि त्याला ती यादी दिसतही नसे. नवख्याला मदत आणि जुन्याला मोकळी वाट, दोन्ही एकाच विरामातून. २०२५मध्ये आलेल्या एमॅक्सच्या तिसाव्या आवृत्तीत अशीच यादी दाखवणारी सोय सामील झाली. तिचाही ठरीव विराम १ सेकंदाचा. विरामात एडिटरने बोलूच नये असे माझे म्हणणे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. बोलावे, पण अर्धा प्रश्न कानी आला असेल तर.

रिकामा न्हावी

विरामात स्वतःशीच काम काढणाऱ्यांची जात निराळी. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण जुन्या समाजाच्या वळणाची असली तरी संगणकाला जितकी लागू पडते तितकी ती कोणत्याही न्हाव्याला कधी पडली नसेल. २०१७च्या मार्च महिन्यात व्हीएस कोडविषयी एक तक्रार गाजली. एडिटर उघडा आहे, माणूस काही करत नाही, तरी प्रोसेसरचा १३ टक्के वेळ खर्च होतो आहे. कारण काय, तर कर्सर लुकलुकतो आहे.

कर्सर लुकलुकणे म्हणजे सेकंदाला दोन बदल: दिसला, दिसेनासा झाला. पण व्हीएस कोड हा वेब ब्राउझरच्या यंत्रणेवर उभा आहे आणि लुकलुकणे त्यात ॲनिमेशन म्हणून लिहिले होते. ब्राउझरला ॲनिमेशन म्हटले की पडदा सेकंदाला ६० वेळा तयार करण्याची सवय. त्यांपैकी बहुतेक वेळा चित्र आधीचेच, तरी काम मात्र पूर्ण. लुकलुकण्याचा बदल साध्या टायमरवर नेल्यावर प्रश्न सुटला. तोवर लोकांना कर्सर स्थिर ठेवण्याचा तोडगा सुचवला जात होता.

ही चूक विसरभोळेपणाची म्हणून सोडून देता येईल, पण तिच्यात एक मुद्दा आहे. एडिटर लिहिणाऱ्यांनी लुकलुकणे हे ‘काम’ म्हणून मोजलेच नव्हते, कारण त्यांच्या मनात काम म्हणजे माणूस कळ दाबतो तेव्हा घडते ते. शांततेचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. याउलट आजचा एमॅक्स, कळ आली नाही तर, दहा वेळा लुकलुकून कर्सर स्थिर करतो. दहानंतरही माणूस आला नाही, तर त्याला ‘मी इथे आहे’ हे सांगत राहण्यात अर्थ नाही असा त्यामागचा साधा विचार. बॅटरी वाचते, आणि पडदाही गप्प होतो.

न विचारलेले बोलणे

कर्सर निदान निरर्थक तरी होता. विरामात अर्थपूर्ण बोलणाऱ्या सोयींचा प्रश्न अधिक अवघड आहे. पहिली पायरी लाल नागमोडी रेघेची. मायक्रोसॉफ्ट वर्डने १९९५च्या आवृत्तीत ती आणली. त्याआधी शुद्धलेखन तपासायला सांगावे लागे. आता एडिटर न सांगताच तपासू लागला. मराठी लिहिणाऱ्यांना या रेघेची ओळख वेगळ्या तऱ्हेने झाली. मराठीचा कोश न बसवलेल्या यंत्रावर तिची सारी पाने लाल होत, आणि कोश असला तरी माणसांची नावे, गावांची नावे, बोलीतले शब्द संशयितांच्या यादीत जात. शिवाय देवनागरीत कळ आणि अक्षर यांचा मेळ एकास एक नाही. इनस्क्रिप्ट पद्धतीने ‘पुस्तक’ लिहायला सहा कळी लागतात आणि दिसतात तीन अक्षरे. मध्येच, ‘पुस्’पाशी, लिहिणारा क्षणभर थांबला तर ते अर्धे लिहिलेले जोडाक्षर असते, चूक नसते. या अर्ध्या अवस्थेला शब्द समजणारा एडिटर लिहिणाऱ्याचा हात धरून ‘हे काय लिहिलेस?’ असे विचारतो.

पुढची पायरी करड्या अक्षरांची. २०१८ साली जीमेलमध्ये वाक्य पुरे करून सुचवणारी सोय आली. २०२१ साली प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी गिटहब कोपायलट आला. माणूस किंचित थांबला की कर्सरच्या पुढे फिकट अक्षरांत उरलेले वाक्य, किंवा उरलेला सबंध परिच्छेद, उमटतो. एक कळ दाबली की तो आपला.

याची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. रोजच्या पत्रात, ठरीव साच्याच्या प्रोग्रॅममध्ये खरोखर वेळ वाचतो. ज्यांना एकेक कळ दाबणे शारीरिक कष्टाचे आहे त्यांना तर हा मोठा आधार आहे. परक्या भाषेत लिहिणाऱ्याला वाक्याचे वळण सापडते. हे फायदे नाकारून टीका करणे म्हणजे एडिटरने गरीबच राहावे असा हट्ट धरणे होईल.

पण वरचा नियम इथे लावून पाहा. थांबण्याच्या सर्व कारणांना ही कृती चालते का? साच्यातले वाक्य लिहिणाऱ्याला चालते. उठून गेलेल्याला फरक पडत नाही. शब्द शोधणाऱ्याला मात्र ती चालत नाही, कारण त्याचा शब्द सापडण्याआधी दुसरा शब्द डोळ्यांसमोर येऊन बसतो. डोळ्यांनी वाचलेले न वाचलेले करता येत नाही. करडी अक्षरे नाकारली तरी पुढचे वाक्य त्यांना उत्तर म्हणून लिहिले जाते. आणि सुचवलेला शब्द बहुधा सर्वांत संभाव्य शब्द असतो, तर लिहिणारा थांबलेला असतो तो पुष्कळदा संभाव्य शब्द नको असतो म्हणूनच. जिथे लेखन घडते तो वेळ, आणि जिथे ही सोय बोलते तो वेळ, हे दोन्ही एकच आहेत.

इथे १९६१च्या हिशेबाकडे परत यायचे. त्या वेळी एकाने विचार करायला घेतले की मधले महाग यंत्र मोकळे होई आणि इतरांच्या उपयोगी पडे. आज आपण विचार करायला थांबलो की दूरच्या शहरातले महाग यंत्र कामाला लागते. आपला मजकूर तिकडे जातो, वीज खर्च होते आणि आपण न मागितलेले वाक्य परत येते. थांबणे ही पूर्वी यंत्राची सुट्टी होती, आता ती त्याची पाळी झाली आहे. पडद्यावर हा बदल काही फिकट अक्षरांएवढाच दिसतो, म्हणून त्याचे मोजमाप होत नाही.

उपाय अवघड नाही आणि नवाही नाही. एमॅक्समध्ये शब्द पुरा करण्याची मूळ सोय टॅबसारखी कळ दाबल्यावरच जागी होते. सुचवण्याची नवी यंत्रेही अशीच मागितल्यावर बोलणारी ठेवता येतात. बहुतेक एडिटरांत तशी व्यवस्था करता येते, फक्त ती मुळात तशी नसते. ‘मुळात’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सेटिंगच्या पानांपर्यंत फार थोडे लोक जातात. बाकीच्यांसाठी कारखान्यातून आलेला आकडा हाच एडिटरचा स्वभाव.

तेव्हा या कसोटीवर निवाडा द्यायचा तर असा: मजकूर जपतो पण ठरवत नाही, आणि माणसाच्या शांततेवरून निवांतपणा मोजतो, म्हणून एमॅक्स पहिला, त्याच्या घरात उद्धट पाहुण्यांना आवर नाही, हा त्याचा दोष आहेच. विम सभ्य, पण एकाच घड्याळावर फार कामे टांगणारा. व्हीएस कोड सर्वांत मदतगार, आणि मुळातल्या आकड्यांवर ठेवला तर सर्वांत बोलका. तिघांचेही आकडे आपल्याला बदलता येतात. सुचवण्या कळीवर आणायच्या, लाल रेघ लेख पुरा होईपर्यंत बंद ठेवायची, कर्सर स्थिर करायचा. या तीन बदलांना मिळून पाच मिनिटे लागतात. त्यानंतर एखाद्या वाक्यापाशी थांबावे लागले, तर पडद्यावर आपण लिहिलेल्या मजकुराखेरीज दुसरे काही उमटणार नाही. पुढचा शब्द सुचायला वेळ लागेल, तेवढा लागू द्यावा.